ज्वालामुखी काच: ऑब्सिडियन, पर्लाइट आणि प्युमिसबद्दल ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सरीतल्या कुंडीतले पांढरे दाणे, टाच घासायचा भोकाभोकांचा दगड आणि ऑनलाइन विकले जाणारे काळेभोर ब्रेसलेट या तिन्ही गोष्टी मुळात एकच आहेत. फरक आहे तो बहुतांशी काचेत किती पाणी आणि वायू अडकला याचा. खालच्या बहुतेक उत्तरांत हे पाणी पुन्हा पुन्हा येईल.

ज्वालामुखी काच म्हणजे नेमके काय?

लाव्हा थंड होताना त्यातले अणू ओळीने मांडले गेले तर खनिजांचे स्फटिक होतात. मांडणी व्हायच्या आत लाव्हा गोठला तर काच होते. "झटकन थंड झाला म्हणून काच झाली" हे उत्तर अर्धेच आहे. ऑब्सिडियनचे प्रवाह अनेक मीटर जाड असतात आणि ते काही झटकन थंड होत नाहीत. खरे कारण म्हणजे ७० टक्क्यांहून जास्त सिलिका (वाळूतला मुख्य घटक) असलेला लाव्हा इतका घट्ट असतो की त्यात अणूंना हलताच येत नाही.

ऑब्सिडियनमध्ये पाणी साधारण १ टक्क्याहून कमी असते. हीच काच हजारो-लाखो वर्षे ओलावा शोषत राहिली आणि पाणी २ ते ५ टक्क्यांवर गेले की पर्लाइट होते. त्यात एकात एक गोल भेगा दिसतात. पाणी त्याहूनही वाढले आणि चकाकी डांबरासारखी मंद झाली की पिचस्टोन म्हणतात. उद्रेकाच्या वेळी वायू सुटून काचेचा फेसच गोठला तर तो प्युमिस.

ऑब्सिडियनची घनता पाण्याच्या साधारण २.३५ ते २.४५ पट, मोह्स मापावर (१ सर्वांत मऊ, १० म्हणजे हिरा) कठिणता ५ ते ५.५. फुटते तेव्हा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे वळसे उठतात. काळा रंग मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या अतिसूक्ष्म कणांचा, तपकिरी छटा हेमॅटाइट या दुसऱ्या लोहखनिजाची. 'स्नोफ्लेक' ऑब्सिडियनवरचे करडे ठिपके म्हणजे क्रिस्टोबलाइट या सिलिकाच्या खनिजाचे स्फटिक. थोडक्यात, ती काच स्फटिक व्हायला लागलेली आहे.

सगळा सह्याद्रीच ज्वालामुखीतून झाला, मग पारसिकच्या डोंगरात किंवा येऊरला ऑब्सिडियन का सापडत नाही?

हा आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न. कारणे दोन.

पहिले, आपला दगड बेसॉल्ट आहे. त्यात सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असते, लाव्हा पातळ असतो आणि अणूंना मांडणीला वाव मिळतो. काच होते ती फक्त प्रवाहाच्या कडेला किंवा डाइकच्या (भेगेत घुसून गोठलेल्या लाव्हाच्या भिंतीच्या) काठावर, बोटभर जाडीच्या थरात. तिला टॅकिलाइट म्हणतात.

दुसरे, वय. दख्खनचे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. काच ही टिकाऊ अवस्था नाही. पाणी शोषत, हळूहळू स्फटिक बनत ती संपते. जगात आज गोळा होणारे बहुतेक ऑब्सिडियन त्या मानाने कालपरवाचे आहे. बेसॉल्टची काच तर आणखी लवकर बदलते. तिचे पिवळट-तपकिरी पॅलॅगोनाइट होते आणि तिच्यातून सुटलेले घटक पोकळ्यांत झिओलाइट आणि हिरवे सेलाडोनाइट या खनिजांच्या रूपाने बसतात. खाणीतल्या दगडात झिओलाइटच्या पांढऱ्या सुयांचे झुपके दिसतात ना? तिथे कधीकाळी थोडी काचही असण्याची शक्यता असते. मढ-गोराईकडे ऱ्हायोलाइट हा जास्त सिलिकाचा ज्वालामुखी दगड आहे, पण वयाचा नियम त्यालाही लागू.

दख्खनच्या पट्ट्यात जुनी काच पाहायची असेल तर गुजरातेत जावे लागते. सौराष्ट्रातला ओशम डोंगर आणि पावागड इथे पिचस्टोन आहे. आणि हो, येऊरचा बराच भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथून दगड उचलून आणायचे नसतात.

म्हणजे महाराष्ट्रात ज्वालामुखी काच नाहीच?

आहे, पण ती इथली नाही. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखी राखेचा थर आहे. ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की टोबाच्याच आधीच्या एखाद्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. चिमूटभर राख सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती, म्हणजे वक्र, धारदार काचतुकडे दिसतात. नुसत्या डोळ्यांना ती फक्त करडी माती वाटते.

लोणारची काच मात्र ज्वालामुखीची नव्हे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर बेसॉल्टवर उल्का आदळून झाले. तिथली काच आघाताने वितळलेल्या दगडाची आहे आणि मॅस्केलिनाइटही, म्हणजे आघाताच्या दाबाने काच बनलेले फेल्डस्पार हे खनिज, तिथे सापडले आहे. नुसत्या उद्रेकाच्या उष्णतेने ते होत नाही. लोणार संरक्षित आहे, तिथलाही नमुना खिशात घालू नये.

तळोजा-तुर्भ्याकडे रस्त्याकडेला चकचकीत काळा किंवा निळा-हिरवा काचेसारखा दगड मिळाला. तो काय असेल?

जवळजवळ नक्की स्लॅग, म्हणजे लोहकीट किंवा भट्टीतली मळी. ती भरावात आणि रस्त्याच्या कामात वापरतात, म्हणून कारखान्यांपासून लांबही सापडते. ओळखण्याच्या खुणा: मोठे गोल बुडबुडे, वाहून गोठल्याच्या वळ्या, एखाद्या बाजूला गंजाचा डाग, हातात घेतल्यावर जाणवणारे वजन. चुंबक दोऱ्याला बांधून जवळ न्या. स्लॅगमध्ये लोखंडाचे थेंब असतील तर चुंबक ओढला जातो, ऑब्सिडियनला सहसा ओढला जात नाही. गडद निळी किंवा पाचूसारखी हिरवी पारदर्शक काच नैसर्गिक ऑब्सिडियन नसते, मग विकणारा तिला कोणतेही नाव देवो.

ऑनलाइन घेतलेले ऑब्सिडियनचे ब्रेसलेट खरे आहे हे घरी कसे तपासायचे?

आधी न चालणारी चाचणी सांगतो: ओरखडा. ऑब्सिडियन आणि खिडकीची काच यांची कठिणता सारखीच, त्यामुळे ओरखडा उठला काय किंवा न उठला काय, त्यातून काही कळत नाही. मणी ॲगेटचा असेल (कठिणता ७) तेवढेच कळेल, आणि मणी खराब होईल ते वेगळे.

घनता मोजा. त्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा खिशातला काटा हवा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा चालत नाही. का, ते खाली येईल.

१. इलास्टिक काढून मणी मोकळे करा, कोरडे वजन घ्या. समजा ४८.०० ग्रॅम.
२. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि काटा शून्यावर आणा.
३. मणी बारीक दोऱ्यात ओवून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. भोकांतली हवा हलवून काढा.
४. आता काटा दाखवेल तो आकडा म्हणजे मण्यांनी बाजूला सारलेले पाणी. समजा २०.०० ग्रॅम.
५. ४८ भागिले २० म्हणजे २.४०. हे ऑब्सिडियनच्या पट्ट्यात बसते.

साधी सोडा-लाइम काच २.५ च्या आसपास येते, काळा ॲगेट २.६, काळा टूर्मलीन ३ च्या वर. १ ग्रॅमच्या काट्यावर २० चा आकडा १९ किंवा २१ दिसला तर उत्तर २.५३ ते २.२९ मध्ये कुठेही येते, आणि काच की ऑब्सिडियन हा निकालच लागत नाही. चूक बहुधा भोकांत अडकलेल्या हवेमुळे होते. तिने घनता कमी दिसते आणि काचसुद्धा ऑब्सिडियनच्या पट्ट्यात उतरते.

जोडीला एक मणी मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. खऱ्या ऑब्सिडियनची पातळ कड धुरकट करडी किंवा तपकिरी दिसते. तरीही शंका उरली तर रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचे माप) पाहतात: ऑब्सिडियन १.४८ ते १.५१, साधी काच सहसा १.५१ ते १.५२. सीमेवर दोन्ही भिडतात, म्हणून एकट्या आकड्यावर निकाल देत नाहीत.

नजर उतरणे, ऊर्जा वगैरे दाव्यांवर आमचे काही म्हणणे नाही. काच म्हणून ती सुंदर आहे, तेवढ्यासाठी घ्यावी.

ऑब्सिडियनचे पाते खरेच शस्त्रक्रियेच्या ब्लेडपेक्षा धारदार असते?

हो. चांगल्या छिलक्याची धार काही नॅनोमीटर जाडीपर्यंत जाते. स्टीलला कणरचना असते, त्यामुळे त्याची धार तितकी बारीक होत नाही. मेक्सिकोत पाचुकाच्या हिरवट ऑब्सिडियनची पाती मोठ्या प्रमाणावर बनत. तुर्कस्तानात चातालहोयुक येथे घासून चकचकीत केलेले ऑब्सिडियनचे आरसे मिळाले आहेत. आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन माणसाला ही काच हाताशी नव्हती. इनामगावसारख्या ठिकाणी बारीक पाती कॅल्सेडनीची, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाची आहेत.

स्वयंपाकघरात मात्र हे पाते नको. बाजूने थोडा जोर पडला की कड तुटते आणि तुकडा भाजीत जातो. दगड छिलून पाती करण्याचा छंद लागलाच तर गच्चीवर ताडपत्री अंथरून, चष्मा, चामड्याचे हातमोजे आणि एन-९५ मास्क घालूनच. बाल्कनीत तर अजिबात नको, तुकडे खाली उडतात.

पर्लाइट कसे बनते? ते थर्माकोल तर नाही ना?

कच्चे पर्लाइट करडा, जड दगड असतो. तो दळून भट्टीत साधारण ८५०–९०० अंश सेल्सिअसला नेला की काच मऊ होते आणि आतल्या २–५ टक्के पाण्याची वाफ तिला फुगवते. ज्वारीच्या लाह्या फुटतात तसेच, फक्त इथे कवचच फुगते. आकारमान ७ ते १६ पट होते. लिटरला किलोभर भरणारा दळलेला दगड फुगून लिटरला ३० ते १५० ग्रॅमवर येतो. जगात पर्लाइट काढण्यात चीन, तुर्कस्तान, ग्रीस आणि अमेरिका आघाडीवर आहेत.

थर्माकोलचा संशय असेल तर चार दाणे वाटीत घेऊन ॲसिटोनवाला नेलपॉलिश रिमूव्हर टाका. थर्माकोल विरघळेल, पर्लाइटला काही होणार नाही. चिमटीत चुरडल्यावर करकरीत भुकटी झाली तरी ते पर्लाइटच.

किलोवर घ्यावे की लिटरवर?

लिटरवर. कोरडे बागेचे पर्लाइट लिटरला साधारण १०० ग्रॅम भरते, म्हणजे १ किलोत १० लिटर यायला हवे. पावसाळ्यात दुकानात ओलसर झालेली गोणी वजनावर घेतली तर पाण्याचे पैसे जातात. पिशवीत तळाशी पांढरी भुकटी जास्त असेल तर घेऊ नका. रोपे आणि फांद्या रुजवायला १–३ मि.मी., कुंड्यांना ३–६ मि.मी. दाणा बरा.

बाल्कनीतल्या कुंडीसाठी प्रमाण काय?

ठाण्यात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये ग्रिलमधली कुंडी संध्याकाळपर्यंत सुकते. एकच मिश्रण दोन्ही ऋतूंना सोसायचे असते, म्हणून २० टक्क्यांच्या आसपास राहा. १२ इंची कुंडीत सुमारे १५ लिटर मिश्रण बसते: भिजवून फुलवलेले कोकोपीट ५ लिटर, गांडूळखत ४, लाल माती ३, पर्लाइट ३. अडेनियम आणि सक्युलंटना उलटे: पर्लाइट किंवा प्युमिस ७ लिटर, जाड वाळू ३, गांडूळखत ३, कोकोपीट २. फांद्या रुजवायला कोकोपीट आणि पर्लाइट निम्मे निम्मे.

पर्लाइट मिसळायच्या आधी पिशवीतच पाणी शिंपडा. धूळ उडत नाही. ही धूळ विषारी नसली तरी घशाला आणि डोळ्यांना त्रास देते. मास्क लावा आणि पंख्याखाली हे काम करू नका.

कुंडीच्या तळाशी पर्लाइटचा वेगळा थर देऊ नका. बारीक मातीतले पाणी जाड थरात सहजी उतरत नाही, ते वरच अडकते आणि ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते. निचरा हवा तर सगळ्या मिश्रणात सारखे मिसळा.

पर्लाइटला खतमूल्य शून्य, आणि खत धरून ठेवण्याची ताकदही जवळपास नाही. प्रमाण वाढवाल तितके खत कमी मात्रेत, पण वरचेवर द्यावे लागते.

जोराच्या पावसानंतर पर्लाइट वर तरंगते आणि गॅलरीभर होते. उपाय?

दाण्यातल्या बंद पोकळ्यांत हवा असते, ते तरंगणारच. जूनपूर्वी वर दोन सेंटिमीटर जाड वाळू किंवा खडीचा थर द्या, किंवा थेट पावसात असणाऱ्या कुंड्यांत पर्लाइटऐवजी प्युमिस वापरा. प्युमिस जड असते, भिजल्यावर जागचे हलत नाही आणि चुरतही नाही. महाग पडते, तरी उघड्या गच्चीसाठी आम्ही तेच सुचवतो. दाण्यांवर हिरवट थर आला तर ते शेवाळ आहे, झाडाला अपाय नाही.

दोन-तीन वर्षांनी पर्लाइट दबून भुकटी होते आणि भोके बुजवते. कुंडी बदलताना मिश्रण चाळणीतून काढा. वर राहिलेले दाणे धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा चालतात.

व्हर्मिक्युलाइट, लाव्हा रॉक आणि क्ले बॉल म्हणजे हेच का?

नाही. व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखे खनिज, ते पाणी जास्त धरते. मत्स्यालयात आणि बोन्सायला घालतात तो लालसर-काळा लाव्हा रॉक म्हणजे स्कोरिया: बेसॉल्टी फेस, बराचसा स्फटिकमय. क्ले बॉल भाजलेल्या मातीचे असतात.

सोसायटीच्या गच्चीवर उष्णता रोखायला पर्लाइटचा थर चालेल का?

चालतो, पण तो वॉटरप्रूफिंग नव्हे. हे न समजल्यानेच बहुतेक कामे फसतात.

१०० चौरस फुटांवर ७५ मि.मी. थर म्हणजे सुमारे ०.७ घनमीटर. सिमेंट आणि पर्लाइट आकारमानाने १:६ धरले तर सिमेंटच्या साडेतीन गोण्या आणि सुमारे ७३५ लिटर पर्लाइट लागते. वाळल्यावर हा थर ३०० किलोच्या आसपास भरतो. तेवढेच साधे काँक्रीट १,६०० किलोच्या वर जाते. जुन्या इमारतीत हा फरक फार मोठा. तरीही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, विशेषतः जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) तसाच ठेवून वर थर द्यायचा असेल तर.

मिक्सरमध्ये आधी पाणी आणि सिमेंटचा रबडा करा, पर्लाइट शेवटी टाका आणि दोन-तीन मिनिटांत थांबा. जास्त फिरवले की दाणे चुरतात, थर जड होतो आणि उष्णता रोखण्याचा गुण जातो. पाण्याचे माप पर्लाइटच्या प्रतीनुसार बदलते, पुरवठादाराचा तक्ता पाहा. हा थर कमकुवत असतो, त्यावर चालायला किंवा टाकी ठेवायला सिमेंटचा वेगळा थर हवा. वर वॉटरप्रूफिंग नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात थर पाणी पितो, आणि भिजलेले पर्लाइट उष्णता सरळ खाली पोचवते. म्हणून काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच करा, आणि थर नीट वाळल्याशिवाय वरून बंद करू नका. अडकलेल्या ओलाव्याची वाफ मे महिन्यात वरची वॉटरप्रूफिंगची झिल्ली फुगवते.

कारखान्यांत याचा काय उपयोग?

सर्वांच्या नजरेत येणारा उपयोग म्हणजे रुग्णालयाच्या आवारातली द्रव ऑक्सिजनची उभी पांढरी टाकी. ती दुहेरी भिंतीची असते. मधल्या पोकळीत बारीक पर्लाइट भरून हवा काढून घेतात. आत उणे १८३ अंश असूनही बाहेरच्या भिंतीला हात लावता येतो तो त्यामुळे. बाहेरच्या भिंतीवर एकाच जागी दहिवर धरू लागले तर निर्वात गेला किंवा पर्लाइट खाली बसून वर पोकळी झाली असे समजतात, आणि पुरवठादाराला बोलावतात. नळजोडणी आणि बाष्पकावर (द्रवाचा वायू करणाऱ्या उपकरणावर) जमणारा बर्फ मात्र नेहमीचा.

दळलेले पर्लाइट औषधे, सरबते, खाद्यतेल गाळायलाही वापरतात. जाळीवर आधी दर चौरस मीटरला साधारण अर्धा ते एक किलोचा लेप बसवतात. पंपाचा दाब मध्येच झटक्याने बदलला की लेप तडकतो आणि गाळलेले द्रव गढूळ येते.

ऑब्सिडियन किंवा प्युमिस गॅसवर तापवले तर फुगते का?

करू नका. ऑब्सिडियनला एका बाजूने ज्योत लागली की ते तडकून तुकडे उडतात. काही ऑब्सिडियन ९०० अंशांच्या वर फेसाळते खरे, पण त्यासाठी सारखी तापणारी भट्टी लागते.

टाच घासायला बाजारात मिळतो तो खरा प्युमिसच असतो का?

पुष्कळदा नसतो. एकसारखा रंग, सगळीकडे सारखी भोके आणि साच्याच्या कडा असतील तर ती फुगवलेली काच किंवा सिमेंटी मिश्रण आहे. खऱ्या प्युमिसमध्ये भोके लांबट आणि लहानमोठी असतात, आणि कोरडा तुकडा पाण्यात तरंगतो. तरंगणे हा मात्र पुरावा नव्हे, फुगवलेली काचही तरंगते. प्युमिस किती काळ तरंगतो हे पाहायचे तर १८८३ चा क्राकाटोआचा उद्रेक आठवा: त्याचे तराफे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले होते.

वापर: पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात, दगडही भिजवून, हलक्या हाताने एकाच दिशेने दोन-तीन मिनिटे. कोरडा दगड कातडी सोलतो. आजीच्या वज्रीचेही हेच शास्त्र होते. दगड वापरून झाल्यावर धुऊन उन्हात ठेवा. आपल्या दमट हवेत भोकांतली ओल दिवसभर जात नाही आणि त्यात बुरशी धरते, म्हणून तो बाथरूममध्ये ठेवू नये आणि घरात प्रत्येकाचा वेगळा असावा. मधुमेह असणाऱ्यांनी, किंवा पायाला संवेदना कमी असणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताच दगड वापरू नये. जखम झालेली त्यांना कळत नाही.